१.९ चा डिटेक्टर २.७ का दाखवतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी पीएचडीच्या पहिल्या वर्षात आहे. आमच्या गटाकडे गॅमा किरणांची ऊर्जा मोजणारा, चार स्फटिकांचा एक क्लोव्हर जर्मेनियम डिटेक्टर आहे. कंपनीच्या कागदावर प्रत्येक स्फटिकाच्या पीकची, म्हणजे स्पेक्ट्रममधल्या रेषेची, रुंदी १२२ केईव्हीला (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट) १.० आणि १३३२ केईव्हीला १.९ केईव्ही दिली आहे. मला १.७ आणि २.७ मिळते. बीमवर, म्हणजे प्रवेगकावरच्या प्रयोगात, तर १ एमईव्हीच्या (१००० केईव्ही) आसपासच्या रेषा ७-८ केईव्ही रुंद दिसतात. डिटेक्टर बिघडला आहे का? नवा मागवावा, की चांगल्या रिझोल्यूशनसाठी मॅग्नेटिक स्पेक्ट्रोमीटरकडे वळावं?"

नवा डिटेक्टर मागवू नका. तुम्ही दिलेल्या आकड्यांतच अर्धं निदान आहे, फक्त ते आकडे सोडवून पाहायला हवेत. मी सत्तावीस वर्षं या स्फटिकांबरोबर काम करतो आहे. "डिटेक्टर गेला" म्हणून माझ्याकडे आलेल्या बहुतेक डिटेक्टरांचा स्फटिक ठणठणीत होता. रुंदी दुसरीकडूनच येत होती. ती कुठून येते हे शोधायची एक पद्धत आहे आणि ती पहिल्याच वर्षी हातात बसली तर पुढची चार वर्षं सुखाची जातात.

आधी निसर्गाचा वाटा वेगळा काढू. लिक्विड नायट्रोजनच्या, म्हणजे ७७ केल्विनच्या आसपासच्या तापमानाला जर्मेनियममध्ये एक इलेक्ट्रॉन-होल जोडी (सुटलेला इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा) तयार व्हायला सरासरी २.९६ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. कोबाल्ट-६० च्या १३३२ केईव्हीच्या गॅमाने सगळी ऊर्जा स्फटिकात सोडली, तर सुमारे साडेचार लाख जोड्या तयार होतात. दर वेळी नेमक्या तेवढ्याच होत नाहीत. साध्या संख्याशास्त्राप्रमाणे त्यात वर्गमुळाएवढा, म्हणजे ६७० जोड्यांचा चढउतार यायला हवा. प्रत्यक्षात तो बराच कमी असतो, कारण एकूण ऊर्जा ठरलेली असल्याने जोड्या एकमेकींपासून पूर्ण स्वतंत्रपणे जन्मत नाहीत. ही सवलत फानो गुणकात मांडतात आणि जर्मेनियमसाठी तो ०.१ च्या आसपास आहे. चढउतार २१० जोड्यांवर येतो आणि पीकच्या निम्म्या उंचीवरची रुंदी निघते १.४८ केईव्ही. तेच गणित १२२ केईव्हीला केलं तर ०.४५ केईव्ही. यापेक्षा अरुंद पीक तुम्हाला कोणताही जर्मेनियम डिटेक्टर देणार नाही.

दुसरा वाटा इलेक्ट्रॉनिक्सच्या नॉइजचा. तो ऊर्जेवर अवलंबून नसतो, १२२ ला जेवढा तेवढाच १३३२ ला. तिसरा वाटा स्फटिकातला विद्युतभार पूर्ण गोळा न होण्याचा. तो ऊर्जेबरोबर वाढतो आणि १२२ ला जवळपास दिसतच नाही. हे तिन्ही एकमेकांशी संबंध नसलेले असल्यामुळे त्यांच्या रुंदीचे वर्ग मिळवायचे असतात.

आता तुमचे आकडे घ्या. १२२ ला १.७ मिळते, त्यातून ०.४५ चा वर्ग वजा केला तर नॉइज उरतो १.६४ केईव्ही. हा नॉइज १३३२ ला नेऊन निसर्गाच्या १.४८ मध्ये वर्गाने मिळवा: २.२१. पण तुम्हाला दिसते २.७. म्हणजे आणखी १.५५ केईव्हीचा हिशेब लागत नाही. कंपनीच्या कागदाशी हेच करा. तिथे नॉइज ०.८९ येतो आणि न लागणारा हिशेब ०.७९. तुमच्याकडे एकाऐवजी दोन वेगवेगळे दोष आहेत: नॉइज जवळपास दुप्पट झाला आहे, आणि भार गोळा होण्याच्या किंवा मोजण्याच्या टप्प्यावरही काहीतरी सुटतं आहे. त्यांची कारणं वेगळी आणि औषधंही वेगळी.

हा हिशेब खरा आहे का हे तपासायला एक पल्सर, म्हणजे ठरावीक पल्स देणारं यंत्र, पुरे. प्रीअँपच्या (स्फटिकाजवळच्या पहिल्या अँप्लिफायरच्या) टेस्ट इनपुटला स्थिर उंचीचे पल्स द्या. पल्सरच्या पीकमध्ये स्फटिकातल्या जोड्यांचा काहीच भाग नसतो, म्हणून त्याची रुंदी म्हणजे निव्वळ इलेक्ट्रॉनिक्सचा नॉइज. ती १.६ च्या जवळ आली तर वरचं गणित बरोबर आहे असं समजा. ही चाचणी सोर्स लावलेला असतानाच करा, म्हणजे पल्सर आणि कोबाल्टचं पीक एकाच स्पेक्ट्रममध्ये येतील आणि तुलना निर्विवाद होईल.

नॉइज किती लहान गोष्टींतून येतो याचा अंदाज बांधून घ्या. साडेचार लाख इलेक्ट्रॉनांचा भार एक पिकोफॅरडच्या फीडबॅक कपॅसिटरवर बसला तर सुमारे ७२ मिलिव्होल्टची पायरी मिळते. तुमचा १.६४ केईव्हीचा नॉइज म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे इलेक्ट्रॉनांचा चढउतार, त्याच पायरीवर ४० मायक्रोव्होल्टच्याही खाली. एवढा व्होल्टेज दोन वेगवेगळ्या प्लगांच्या अर्थिंगमध्ये सहज मावतो. म्हणून पहिला संशय नेहमी ग्राउंड लूपवर घ्यायचा. डिटेक्टरचं आवरण मेटलच्या स्टँडला टेकलेलं, स्टँड बीमलाइनला, बीमलाइन पंपाच्या अर्थला, आणि सिग्नलची केबल रॅकच्या अर्थला: झालं वर्तुळ पूर्ण. डिटेक्टर आणि स्टँडच्या मध्ये टेफ्लॉनची पट्टी, आणि सगळ्या रॅकला वीज एकाच ठिकाणाहून. एवढ्यानं अनेकदा अर्धं काम होतं.

प्रीअँपचा आउटपुट ऑसिलोस्कोपवर लावा आणि सोर्स दूर ठेवून नुसती बेसलाइन बघत बसा. मी विद्यार्थ्यांना पहिला दिवसभर एवढंच करायला लावतो. वीस मिलिसेकंदांनी डोलणारी लाट दिसली तर ती विजेची ५० हर्ट्‌झ. दाट, टोकदार, दहा-वीस मायक्रोसेकंदांनी येणारे काटे दिसले तर जवळ कुठेतरी स्विचिंग पॉवर सप्लाय आहे, मग तो लॅपटॉपचा चार्जर का असेना. किलोहर्ट्‌झच्या आसपासची थरथर असेल तर ती यांत्रिक: पंपाचं कंपन, किंवा ड्यूअरमध्ये, म्हणजे थंड ठेवायच्या भांड्यात, उकळणारा नायट्रोजन. कंपनाने स्फटिकाच्या जोडणीची कपॅसिटन्स किंचित बदलते, आणि बायस, म्हणजे स्फटिकाला दिलेलं व्होल्टेज, तीन-चार हजार व्होल्टचा असल्याने तेवढा बदलही सिग्नल म्हणून दिसतो. मग एकेक गोष्ट बंद करत जा: टर्बो पंप, व्हॅक्युम गेज, क्रेनचा सप्लाय, दिवे. प्रत्येक वेळी पल्सरची रुंदी वहीत लिहा. डोक्यात ठेवलेला आकडा दुसऱ्या दिवशी बदललेला असतो.

मुंबईच्या बाजूला काम करत असाल तर आषाढ-श्रावणाचा वेगळा विचार करावा लागतो. एका वर्षी जुलैत आमचे तीन डिटेक्टर एकाच आठवड्यात "खराब" झाले. बेसलाइन मध्येच उसळी मारायची, मग तासभर शांत. दोन दिवस आम्ही प्रीअँप बदलत बसलो. कारण निघालं हाय व्होल्टेजच्या कनेक्टरवर बसलेला दमटपणा. समुद्राची खारट हवा, त्यात एसी रात्री बंद राहिलेला. कनेक्टर अल्कोहोलने पुसून, गरम हवेने सुकवून, सिलिका जेलच्या पिशव्यांसकट प्लास्टिकमध्ये बांधले आणि तिन्ही डिटेक्टर पूर्ववत झाले. तेव्हापासून पावसाळ्यातल्या प्रत्येक प्रयोगाआधी हे काम यादीत सगळ्यात वर असतं.

आता दुसरा दोष, तो १.५५ चा. इथे आकड्यापेक्षा पीकचा आकार जास्त बोलतो. नॉइज पीकला दोन्ही बाजूंनी सारखं फुगवतो. विद्युतभार वाटेत अडकला तर काही घटनांची ऊर्जा कमी मोजली जाते आणि डावीकडे, कमी ऊर्जेच्या बाजूला शेपटी निघते. उजवीकडे शेपटी असेल तर बहुधा पल्सवर पल्स चढताहेत किंवा पोल-झीरो, म्हणजे पल्सच्या उताराची दुरुस्ती, चुकलेलं आहे. म्हणून निम्म्या उंचीबरोबर एक-दशांश उंचीवरची रुंदीही मोजा. शुद्ध गाउसियन पीकमध्ये या दोन रुंदींचं गुणोत्तर १.८२ असतं. तुमचं २ च्या पुढे गेलं असेल तर शेपटी आहे, मग ती डोळ्यांना दिसो वा न दिसो.

तुम्ही डिजिटल डेटा अॅक्विझिशन वापरत असाल असं धरतो, कारण आता बहुतेक ठिकाणी तेच असतं. त्यात पल्सची उंची काढणाऱ्या ट्रॅपिझॉइडल (समलंब आकाराच्या) फिल्टरचे दोन आकडे ठरवावे लागतात: राइज टाइम, म्हणजे चढाचा काळ, आणि फ्लॅट टॉप, म्हणजे सपाट माथ्याचा काळ. फ्लॅट टॉपचं कारण भौतिकीतलं आहे. जर्मेनियममध्ये इलेक्ट्रॉन आणि होल सेकंदाला सुमारे एक कोटी सेंटिमीटर वेगानं वाहतात, म्हणजे एक सेंटिमीटरला १०० नॅनोसेकंद. क्लोव्हरचा स्फटिक ५ सेंटिमीटर व्यासाचा. गॅमा कुठे थांबला त्यावर भार गोळा व्हायला शंभर ते तीनशे नॅनोसेकंद लागतात, कोपऱ्यांत त्याहून जास्त. फ्लॅट टॉप यापेक्षा छोटा ठेवला तर उशिरा येणारा भार मोजणीतून सुटतो आणि तो किती सुटला हे दर घटनेला वेगळं असतं. सिंटिलेटरसाठी (प्रकाशाच्या झळकीवरून मोजणाऱ्या डिटेक्टरसाठी) बसवलेले आकडे तसेच जर्मेनियमला वापरलेले मी अनेकदा पाहिले आहेत, आणि तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय यावरच आहे. फ्लॅट टॉप १ मायक्रोसेकंद करून बघा. राइज टाइम ६ मायक्रोसेकंदांपासून सुरू करा, मग २ ते १० पर्यंत फिरवून रुंदीचा आलेख काढा. तळ जिथे आहे तिथे थांबा. बीमवर काउंट रेट वाढला की राइज टाइम थोडा कमी करावा लागेल आणि थोडी रुंदी पत्करावी लागेल, हा व्यवहार टाळता येत नाही.

प्रीअँपचा सिग्नल साधारण ५० मायक्रोसेकंदांनी ओसरतो. फिल्टरला तो आकडा नेमका सांगावा लागतो, कारण मागच्या पल्सच्या उतारावर बसलेल्या पल्सची उंची त्यावरूनच दुरुस्त होते. ४५ ते ५५ पर्यंत अर्ध्या-अर्ध्या मायक्रोसेकंदाने फिरवा आणि १३३२ ची रुंदी बघा. चारही स्फटिकांसाठी वेगळा आकडा येईल. वर्गातले विद्यार्थी नेहमी विचारतात, बारा बिटांच्या डिजिटायझरमध्ये चार हजार पायऱ्याच असताना दोन केईव्हीची रुंदी कशी मिळते? १०० मेगाहर्ट्‌झला ६ मायक्रोसेकंदांत ६०० नमुने मिळतात, आणि त्यांच्या सरासरीत पायरीचा खडबडीतपणा विरून जातो. त्यासाठी सिग्नलवर थोडा नैसर्गिक नॉइज असावाच लागतो, नाहीतर सगळे नमुने एकाच पायरीवर अडकतील.

हे सगळं करूनही डावी शेपटी राहिली तर मग स्फटिकाकडे वळायचं. आधी बायस पूर्ण दिलेला आहे का ते बघा. कधीतरी कुणीतरी ठिणगीच्या भीतीने ५०० व्होल्ट कमी ठेवतो आणि ती नोंद कुठेच नसते. त्यानंतर न्यूट्रॉनचा मार. जलद न्यूट्रॉन जर्मेनियमच्या जाळीतले अणू विस्थापित करतात आणि त्या विस्कटलेल्या जागा होल पकडून ठेवतात. म्हणूनच बीमवरच्या कामाला एन-टाइप स्फटिक घेतात: त्यात होल गोळा करणारा इलेक्ट्रोड बाहेरच्या पृष्ठभागावर असतो, बहुतेक गॅमा तिथून जवळच थांबतात आणि होलना वाटेत कमी अंतर कापावं लागतं. मार बसलेला स्फटिक व्हॅक्युममध्ये ठेवून सुमारे १०० अंश सेल्सिअसला काही दिवस तापवला की बराच बरा होतो. हे काम मात्र स्वतःहून पहिल्यांदा करू नका, ज्यांनी दहा-वीस वेळा केलं आहे त्यांच्या शेजारी उभं राहून शिका.

थंड करण्याबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण डिटेक्टर खरोखर खराब होतात ते इथे. रात्री नायट्रोजन संपला, सकाळी कळलं, घाईघाईनं पुन्हा भरला. असं कधीही करू नका. क्रायोस्टॅटच्या, म्हणजे स्फटिकाच्या थंड निर्वात डब्याच्या, आत उरलेले वायू एरवी थंड मॉलेक्युलर सीव्ह या वायू शोषणाऱ्या पदार्थात अडकून असतात. तापमान थोडं वाढलं की ते सुटतात, आणि अर्धवट तापलेल्या अवस्थेत पुन्हा थंड केलं तर ते स्फटिकाच्या पृष्ठभागावर जाऊन बसू शकतात. मग गळतीचा करंट वाढतो आणि नॉइजही. एकदा तापायला लागला की त्याला पूर्ण खोलीच्या तापमानाला येऊ द्या, दोन दिवस गेले तरी चालतील, आणि मगच थंड करा. हा स्फटिक ज्या शुद्धतेचा आहे ती आठवा: एका घन सेंटिमीटरमध्ये १० चा १० वा घात एवढे अशुद्ध अणू, म्हणजे जर्मेनियमच्या चार लाख कोटी अणूंमागे साधारण एक. माणसाने इतका शुद्ध केलेला दुसरा पदार्थ शोधावा लागेल. त्याच्याशी तसंच वागायला हवं.

आता बीमवरच्या ७-८ केईव्हीकडे येऊ. यात डिटेक्टरचा काहीही दोष नाही. फ्यूजन अभिक्रियेत तयार झालेलं अणुकेंद्र प्रकाशाच्या वेगाच्या दोन टक्के वेगाने उडत असतानाच गॅमा सोडतं. डॉप्लरमुळे ऊर्जा कोनाप्रमाणे सरकते, आणि डिटेक्टर एका कोनावर नसून कोनांच्या पट्ट्यावर पसरलेला असतो. आकडे घाला: ५ सेंटिमीटरचा स्फटिक २५ सेंटिमीटर दूर असेल तर तो सुमारे ०.२ रेडियन, साडेअकरा अंश व्यापतो. ९० अंशांवर १ एमईव्हीच्या गॅमासाठी तेवढ्यानेच ४ केईव्हीची रुंदी येते. पूर्ण क्लोव्हर दुप्पट रुंद, त्याला एकच कोन धरला तर ८ केईव्ही. तुम्हाला ७-८ मिळते आहे, म्हणजे तुमच्या प्रोग्राममध्ये डॉप्लरची दुरुस्ती क्लोव्हरच्या मध्यबिंदूच्या कोनाने होते आहे, किंवा होतच नाही. प्रत्येक स्फटिकाचा स्वतःचा कोन घाला. गॅमा दोन स्फटिकांत विखुरला असेल तर ज्याच्यात जास्त ऊर्जा पडली त्याचा कोन घ्या. रुंदी चार-पाचवर यायला हवी.

त्याहून अरुंद रेषा हवी असेल तर टार्गेटमध्ये बदल करा. एक मिलिग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरच्या टार्गेटमागे सोन्याचा किंवा शिशाचा जाड थर दिला तर उडणारं केंद्रक साधारण एका पिकोसेकंदात थांबतं. त्यानंतर निघालेल्या सगळ्या गॅमा डॉप्लरशिवाय, डिटेक्टरच्या स्वतःच्या रुंदीने येतात. ज्या अवस्था त्याहून लवकर मोडतात त्यांच्या रेषा मात्र थांबता-थांबता निघतात आणि त्यांचा आकार विद्रूप होतो. त्या विद्रूप आकारातूनच अवस्थेचं आयुष्य मोजता येतं. रुंदीकडे शत्रू म्हणून पाहायची सवय मोडते ती इथे. मी पहिल्यांदा असा आकार गणिताशी जुळताना पाहिला आणि एका सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागाएवढं आयुष्य कागदावर उतरलं, तो दिवस मला अजून लख्ख आठवतो.

नुसती अरुंद रेषाही पुरत नाही. १ एमईव्हीच्या आसपास गॅमा जर्मेनियममध्ये बहुधा कॉम्प्टन विखुरणाने थोडी ऊर्जा टाकून निसटतो, आणि स्पेक्ट्रममध्ये खऱ्या रेषांखाली एक जाड पठार साचतं. एकट्या स्फटिकात कोबाल्टच्या साधारण पाचातल्या एका घटनेचीच पूर्ण ऊर्जा मिळते. त्यावरचे दोन उपाय क्लोव्हरमध्ये एकत्र येतात. शेजारच्या स्फटिकात गेलेली ऊर्जा परत मिळवायची, याला आम्ही अॅडबॅक म्हणतो, आणि १.३ एमईव्हीला त्यातून पूर्ण ऊर्जेच्या घटना जवळपास दीडपट होतात. जी ऊर्जा क्लोव्हरबाहेरच गेली ती भोवतालच्या बीजीओ, म्हणजे बिस्मथ जर्मेनेटच्या कवचात पकडायची आणि ती घटना रद्द करायची. बीजीओची घनता ७.१३, म्हणून कवच थोड्या जागेत बसतं. अॅडबॅकमध्ये दोन स्फटिकांचा नॉइज एकत्र येतो, तेव्हा रुंदी थोडी वाढणारच. पण ती ०.३ केईव्हीपेक्षा जास्त वाढली तर चार स्फटिकांचं कॅलिब्रेशन एकमेकांशी जुळत नाही असं समजा. युरोपियम-१५२ लावून १२१.८ पासून १४०८ केईव्हीपर्यंतच्या रेषांवर चौघांनाही पुन्हा बसवा, आणि लांब प्रयोगात हे दर काही तासांच्या डेटासाठी वेगळं करा. प्रीअँपचा गेन खोलीच्या तापमानाबरोबर सरकतो.

हे का महत्त्वाचं आहे ते एका उदाहरणावरून सांगतो. १९८६ मध्ये इंग्लंडमधल्या डेअर्सबरीत टेसा-३ या जर्मेनियम संचाने डिस्प्रोशियम-१५२ मध्ये अतिविरूपित (खूप लांबट झालेल्या) केंद्रकाची पट्टी, म्हणजे रेषांची मालिका, शोधली. कंगव्याच्या दातांसारख्या १९ रेषा, दोन दातांमध्ये ४७ केईव्ही. सोडियम आयोडाइडची रुंदी १ एमईव्हीला याहून जास्त असते, त्यात हा कंगवा नुसता सपाट डोंगर दिसला असता. आणि कॉम्प्टनचं पठार दाबलेलं नसतं तर जर्मेनियममध्येही त्या कमजोर रेषा बुडाल्या असत्या. रुंदी, स्वच्छता आणि कार्यक्षमता यांचा एकत्रित गुणाकार बघायचा असतो.

तुमच्या हाताशी इंगा आहे, इंडियन नॅशनल गॅमा अॅरे. हा संच मुंबई, दिल्ली आणि कोलकात्याच्या प्रवेगकांवर फिरत असतो आणि देशभरच्या विद्यापीठांतले विद्यार्थी त्यावर प्रयोग करतात. कुलाब्याला टीआयएफआरमध्ये बीएआरसी-टीआयएफआरचा पेलेट्रॉन प्रवेगक आणि त्याला जोडलेला सुपरकंडक्टिंग लिनॅक (सरळ रेषेतला प्रवेगक) आहे. तिथल्या मांडणीत २४ क्लोव्हरांची जागा आहे: २३, ४०, ६५, ११५, १४० आणि १५७ अंशांवर प्रत्येकी तीन, ९० वर सहा. हे कोन असेच का, यावर एक संध्याकाळ घालवा. पुढचे-मागचे कोन डॉप्लर सरक आणि आयुष्यमापनासाठी. ९० अंश ध्रुवीकरणासाठी, कारण क्लोव्हरच्या चार स्फटिकांत गॅमा आडवा विखुरला की उभा, यावरून संक्रमण विद्युत आहे की चुंबकीय हे कळतं. तिथल्या एखाद्या प्रयोगात आठवडाभर शिफ्टला बसा. जे मी इथे लिहितो आहे ते रात्री तीनच्या शिफ्टमध्ये हातांना कळतं.

जगात याच्या पुढची पायरी आता उभी राहिली आहे. युरोपची अगाटा आणि अमेरिकेची ग्रेटिना यांत एकेका स्फटिकाचा बाहेरचा इलेक्ट्रोड ३६ भागांत विभागलेला आहे. पल्सच्या आकारावरून गॅमा कुठे आदळला हे काही मिलिमीटरांपर्यंत सांगता येतं, आणि त्याचा आतला सगळा मार्ग गणिताने जोडता येतो. मग डॉप्लरसाठी पाच सेंटिमीटरच्या स्फटिकाऐवजी जवळपास एक बिंदू मिळतो, आणि केंद्रक प्रकाशाच्या तीस-चाळीस टक्के वेगाने धावत असलं तरी रेषा वापरण्याजोगी राहते. तुम्हाला डिटेक्टर विकासात करिअर करायचं असेल तर पल्सच्या आकाराचा अभ्यास आजपासून सुरू करा. त्यासाठी तुमचा क्लोव्हर आणि डिजिटायझर पुरेसे आहेत.

राहिला मॅग्नेटिक स्पेक्ट्रोमीटर. तो गॅमाऐवजी विद्युतभारित कणाचा संवेग मोजतो, त्यामुळे त्याची निवड प्रश्नावरून करायची. अवस्था इतकी उंच असेल की ती गॅमा सोडण्याऐवजी प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन टाकून मोडते, तर जर्मेनियमला तिची रेषा मिळणार नाही. आदळून परतलेल्या कणाची ऊर्जा मोजूनच ती दिसेल. या कामातला माझा आवडता संच जपानमध्ये ओसाकाच्या आरसीएनपी या अणुकेंद्र संशोधन केंद्रात आहे, ग्रँड रायडेन. त्याने २९५ एमईव्हीच्या प्रोटॉनांवर १३ केईव्हीची रुंदी मिळवली आहे, म्हणजे बावीस हजारांत एक भाग. जर्मेनियमची १३३२ ला सातशेत एक आहे.

गंमत अशी की सायक्लोट्रॉनमधून येणाऱ्या बीमचा स्वतःचा ऊर्जेचा पसारा याहून कितीतरी मोठा असतो. स्लिट लावून तो कापला तर बीमच उरत नाही. तिथे केलेली युक्ती म्हणजे डिस्पर्शन मॅचिंग. बीमलाइनचे चुंबक बीमला टार्गेटवर ऊर्जेनुसार पसरवतात: जास्त ऊर्जेचे कण एका बाजूला, कमी ऊर्जेचे दुसऱ्या. मग स्पेक्ट्रोमीटर तोच पसारा नेमका उलटा गोळा करतो, आणि एकाच अवस्थेतून आलेले सगळे कण फोकल प्लेनवर, म्हणजे ते जिथे मोजले जातात त्या प्रतलावर, एकाच जागी उतरतात. ही जुळणी करताना बीम खूप क्षीण करून सरळ स्पेक्ट्रोमीटरमध्ये सोडतात आणि फोकल प्लेनवरच्या ड्रिफ्ट चेंबरमध्ये (कणाची जागा नोंदणाऱ्या डिटेक्टरमध्ये) ठिपका कसा दिसतो ते बघत बघत चुंबक हलवतात. तासन्‌तास. टार्गेटही सगळीकडे सारख्या जाडीचं लागतं, नाहीतर कमावलेलं सगळं तिथे हरवतं. बघा, तिथेही काम तेच आहे: रुंदी कुठून येते हे वेगळं काढायचं आणि त्या एका कारणावर उपाय करायचा. तुमच्या आत्ताच्या रेषा या तंत्राने अरुंद होणार नाहीत, पण ज्याला हा हिशेब जमतो त्याला दोन्हीकडे काम करता येतं.

आता सोमवारी काय करायचं ते सांगतो. सगळ्या पंपांसकट आहे त्या अवस्थेत पल्सर आणि कोबाल्ट एकत्र लावून एक स्पेक्ट्रम घ्या. मग पंप आणि अनावश्यक सप्लाय बंद करून दुसरा. मग फ्लॅट टॉप १ मायक्रोसेकंद करून तिसरा. चारही स्फटिकांसाठी पल्सरची रुंदी, १३३२ ची निम्म्या आणि एक-दशांश उंचीवरची रुंदी, प्रत्यक्ष दिलेला बायस, आणि ऑसिलोस्कोपवरच्या बेसलाइनचा एक फोटो दोन टाइमस्केलवर: २० मिलिसेकंद आणि ५० मायक्रोसेकंद. एवढं इथे टाकलंत तर कोणत्या केबलपासून सुरुवात करायची हे मी सांगू शकेन.